कोमट पाण्यातली थंडी

४ नोव्हेंबर

आज हंगाम सुरू झाला. दुकानाचं शटर वर केलं, डायव्हिंगचे सगळे सूट गोड्या पाण्यात बुचकळून मागच्या अंगणात वाळत घातले, आणि दुपारच्या आत वर्षातलं पहिलं भांडणही उरकलं. भांडण माऊशी. माऊ म्हणजे माझी एकुलती एक लेक. गेल्या साली तिनं डायव्हिंग शिकवायची परीक्षा दिली, पास झाली, आणि तेव्हापासून मलाच शिकवायला लागली आहे.

यंदा आम्ही नवा वर्ग काढलाय. चार शिकाऊ, दर शनिवार-रविवार, दिवसातून तीन वेळा पाण्यात. जवळच्या खडकांपाशी घुटमळायचं नाही, थेट लांबच्या प्रवाळाच्या कड्यापर्यंत जायचं. कल्पना माऊची, जबाबदारी माझी. वाद एवढाच, की अंगात काय घालायचं. ती म्हणते, सगळ्यांना गळ्यापासून घोट्यापर्यंत तीन मिली, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीचा रबरी सूट. मी म्हटलं, पाणी अठ्ठावीस अंश आहे, ते काय बर्फात चाललेत? लायक्राचा पातळ शर्ट पुरे. ऊन लागलं नाही, जेलीफिश चावली नाही, म्हणजे झालं. त्यावर तिनं मला व्याख्यान दिलं. पाणी कितीही कोमट असलं तरी अंगापेक्षा थंडच. हवेपेक्षा कितीतरी भराभर ते ऊब ओढून घेतं. एकदा उतरलं तर कळत नाही, तिसऱ्यांदा उतरलं की दात वाजतात, आणि गारठलेल्या माणसाचं डोकं पाण्याखाली चालत नाही.

हे सगळं खरं आहे. खरं असणारच, कारण यातला शब्द न् शब्द माझा आहे, ती फ्रॉकमध्ये होती तेव्हा मीच तिला सांगितलेला. आपलंच बोलणं आपल्याच पोरीच्या तोंडून ऐकताना इतका राग का येतो, कोण जाणे. शेवटी हिनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, नेहमीप्रमाणे पोरीची बाजू घेतली. शिकाऊंना तीन मिली ठरलं. मी मात्र माझ्या जुन्या लायक्राच्या शर्टात आणि अर्ध्या चड्डीतच उतरणार. वीस-बावीस वर्षं तसाच उतरतोय, माझ्या अंगाची भट्टी चांगली पेटलेली असते.

आणखी एक गोष्ट मी तिला स्पष्ट सांगितली. पाण्याखाली पुढे मी, मधे चार शिकाऊ, मागे ती. पुढच्या माणसावर चार जणांचा श्वास अवलंबून असतो. ती जागा मी इतक्यात कुणाला देणार नाही.

८ नोव्हेंबर

चौघंही बरे आहेत. एक बँकवाला आणि त्याची बायको, आणि दोघी बहिणी, ज्या सारख्या हसतात. माणूस दारातून आत आला की मी नजरेनंच त्याचं माप सांगतो, टेप लागत नाही. बँकवाल्याला पाहताक्षणी म्हटलं, मोठा सूट, पण पाय आखूड. चपखल बसला. बहिणी टाळ्या पिटत राहिल्या. माऊनं कपाळाला हात लावला, पण हसली.

मग शिशाचा धडा. सूटच्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात, म्हणून सूट तरंगतो, म्हणून कमरेच्या पट्ट्याला शिशाचे तुकडे लावायचे. सूट जितका जाड तितकं शिसं जास्त. आणि अंगावरची चरबीही तरंगते, तेव्हा गुबगुबीत माणसाला शिसं जास्त आणि काटकुळ्याला कमी. बँकवाल्यानं पोटावर हात फिरवत विचारलं, म्हणजे मला नांगरच बांधणार का. सगळे हसले. वर्ग जमला.

तिसऱ्या वेळी पाण्यातून वर आलो तेव्हा मला जरा शिरशिरी आली. बोटीवर वारा होता.

१६ नोव्हेंबर

काल आणि आज, दोन्ही दिवस दुसऱ्याच वेळेला थंडी वाजली. तिसऱ्या वेळेला तर मी कड्याशी तरंगत असताना मासे न बघता घड्याळ बघत होतो. हे माझ्या बाबतीत आजवर घडलेलं नाही. पाणी थंड झालंय हे उघड आहे. मनगटावरचं तापमापक अठ्ठावीसच दाखवतं, म्हणजे ते बिघडलं. दुकानातून दुसरं घेतलं, तेही अठ्ठावीस. एकाच खोक्यातली दोन्ही, दोन्ही बिघडलेली. पूर्वी अशा वस्तू येत नसत.

बोटवाल्याला विचारलं, यंदा प्रवाह बदललाय का. तो तीस वर्षं याच पाण्यावर आहे. त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाला, असेल बदलला. म्हणजे बघा, त्यालाही जाणवलंय.

पुढच्या आठवड्यापासून अर्धा सूट घालेन. कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्यापर्यंत पाय. लायक्राचा शर्ट खारानं विरलाय, एवढंच माऊला सांगितलं. ती म्हणाली, सरळ अंगभरच घाल ना, बाबा. बरोबर आहे, मी एक पाऊल मागे आलो की लोकांना वाटतं हा आता पळायलाच लागलाय.

२३ नोव्हेंबर

अर्ध्या सूटानं काहीही भागलं नाही. आज अंगभर तीन मिली घातला. माऊ एक शब्द बोलली नाही. तिनं तेव्हाच, 'मी सांगितलं नव्हतं?' असं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पण सूट सैल. माझ्या मापाचा, माझ्यासाठी बाजूला ठेवलेला, तो सैल. काखेतून पाणी आत येतं आणि पाठीवरून खाली जातं, मग सूटचा उपयोग काय? सूटच्या आत अडकलेलं पाणी अंगानं तापतं, ते तिथेच राहिलं तर ऊब. सारखं नवं पाणी येत राहिलं तर आपण समुद्र तापवत बसायचं. दुकानातले त्याच मापाचे बाकीचे दोन घालून पाहिले, तेही सैल. भाड्यानं नेणारे लोक ओढून ताणून वाट लावतात. मी सगळ्यांसमोर बोललो की सूट ही वापरायची वस्तू आहे, रस्सीखेच खेळायची नाही. बहिणी हसल्या नाहीत.

घरी आलो तर न्हाणीघरात वजनकाटा. हिनं नवीन आणलाय. म्हणाली, स्वस्तात मिळाला. मी त्यावर उभा राहिलो नाही. मी काय धान्याचं पोतं आहे?

जेवण फार जात नाही. दिवसभर समुद्राचं पाणी थोडंफार पोटात जातंच, त्यानं भूक मरते. हिनं भाताची पेज करून दिली. आजारी माणसाला देतात तशी वाडग्यात, वर झाकण ठेवून. मी तसं म्हटलं, तर स्वयंपाकघरात निघून गेली.

३० नोव्हेंबर

पाच मिली. नवाकोरा, कंपनीच्या पिशवीतून काढलेला, आणि एक माप लहान, कारण ही कंपनी हल्ली मापं मोठी कापते. या पाण्यात पाच मिली घालणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. बोटीवर चढलो तर बँकवाला म्हणाला, सर, कुठे मोहिमेवर निघालात? मी म्हटलं, म्हातारपणाची चैन. कुणाला तरी हसवलं की विषय पुढे सरकतो.

आज एक गंमत झाली ती मात्र लिहून ठेवतो. पाच मिलीला शिसं वाढवावं लागतं, म्हणून मी पट्ट्याला दोन तुकडे जादा लावले आणि दगडासारखा खाली गेलो. वर येऊन ते दोन्ही काढले. तरी छान बुडलो, छान तरंगलो. म्हणजे लायक्राच्या शर्टात जेवढं शिसं लागायचं तेवढंच पाच मिलीत पुरलं. हे फक्त श्वासावर ताबा असला तरच होतं. इतक्या वर्षांची साधना आहे. मी सगळ्यांना पट्टा दाखवून सांगितलं, की हे बघा, सूट जाड, शिसं तेवढंच.

बहिणींनी वाहवा केली. माऊनं माझा पट्टा हातात घेतला, तुकडे मोजले, परत मोजले, आणि पट्टा माझ्या पायाशी ठेवून बोटीच्या टोकाला जाऊन बसली. बापाचं कौतुक करायला जीभ जड होते.

ऊब मात्र आली नाही. पाच मिलीतही नाही.

६ डिसेंबर

घरात कारस्थान चाललंय. दुपारी मी अचानक आत गेलो, तर दोघी ओट्यापाशी उभ्या राहून कुजबुजत होत्या, मला पाहून गप्प झाल्या. मग माऊ म्हणाली, बाबा, आजपासून तिसरी डाइव्ह मी एकटी घेते, तू बोटीवर थांब. आणि एकदा डॉक्टरकडे जाऊन ये, आई येईल बरोबर. हे डॉक्टरचं तुणतुणं दोन आठवडे चाललंय. थंडी वाजते म्हणून डॉक्टरकडे जायचं तर शिंक आली की काय स्मशानात जायचं?

मी विचारलं, आज तिसरी, उद्या दुसरी, परवा काय, तिकीट फाडायला बसू का? ती ओट्यावरच्या फडक्याची घडी घालत राहिली. मला तिचं न बोलणंच सोसवत नाही. मी म्हणालो, "दुकान हवंय तर तसं सांग. बापाला म्हातारा ठरवून नको घेऊस."

तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "मला दुकान नकोय, बाबा." आणि चपला न घालताच बाहेर गेली.

ही मला जेवायला वाढून समोर बसली. मी जेवलो नाही, तीही जेवली नाही. ताट झाकून ठेवलं.

मला वाईट वाटतंय. पण पाण्याखाली पुढे राहणं हे माझं सगळं आहे, ते कुणी कसं मागू शकतं? जमिनीवर मी कोण आहे? शटर उघडणारा आणि सूट वाळत घालणारा एक चिडका माणूस.

७ डिसेंबर

तिन्ही डाइव्ह मीच घेतल्या. तिसरीला दात इतके वाजत होते की तोंडातली नळी दोन्ही हातांनी धरावी लागली. बाकी सारं ठीक.

१३ डिसेंबर

हे लिहायलाच हवं. जसं झालं तसं लिहितो.

कड्यावर होतो, दुसऱ्या वेळेला. पंधराएक मीटर खोल. पुढे मी, मागोमाग चौघं. पाच मिलीच्या आत मी आणखी लायक्राचा शर्ट घातला होता, डोक्याला रबरी टोपी. तरी पहिल्याच दहा मिनिटांत बोटांतली जाण गेली होती. माऊ शेवटी असायला हवी होती, ती बाजूनं पोहत माझ्याजवळ आली आणि दोन्ही दंड चोळून दाखवले. थंडी वाजते का, अशी ती खूण. मी 'ठीक' म्हणून सांगणार होतो. अंगठा आणि बोट जुळवून गोल करायचा असतो. बोटं जुळेनात. म्हणून मी डोक्यावर हात ठेवला, तीही 'ठीक'चीच खूण. ती परत मागे गेली.

थोड्या वेळानं बँकवाल्याच्या बायकोच्या पट्ट्याचं बकल सुटलं. शिसं मांडीपर्यंत घसरलं आणि ती उलटी होऊन वर जायला लागली. घाबरलेला माणूस श्वास रोखतो, आणि श्वास रोखून भरकन वर गेलं की फुप्फुसं फाटतात. हे मी हजारदा शिकवलंय. मी तिचा पाय पकडला. एका हातानं पाय, दुसऱ्या हातानं पट्टा ओढून बकल लावायचं. काम दोन क्षणांचं, डोळे मिटून करता येतं.

मला ते बकल लावता आलं नाही. बोटं होती, दिसत होती, पण ती माझी नव्हती. पट्टा हातातून निसटत होता आणि आम्ही दोघंही वर चाललो होतो. तिचे डोळे मास्कच्या काचेला लागले होते, ती माझ्याकडे पाहत होती. गुरुजी काहीतरी करतील, असं पाहत होती.

मग मागून माऊ आली. तिनं बाईच्या तरंगायच्या फुगीर जाकिटातली हवा सोडली, पट्टा ओढला, बकल लावलं, आणि बाईच्या डोळ्यांत पाहत तिला श्वास घ्यायला लावला. आम्ही थांबलो, मग हळूहळू वर आलो. बाईच्या नाकातून थोडं रक्त आलं, बाकी काही झालं नाही. बोटीवर तिचा नवरा तिला कुशीत घेऊन बसला होता. मी म्हणालो, बकल खराब आहे, मी तक्रार करणार आहे.

किनाऱ्याला लागल्यावर, सगळे गेल्यावर, माऊ म्हणाली, "बकल चांगलं आहे, बाबा. मी बघितलं."

मी पट्टे धुवायला घेतले. ती पुढे म्हणाली, "डोक्यावर हात लांबच्या माणसासाठी ठेवतात. मी हातभर अंतरावर होते."

मग सूट गोळा करत माझ्याकडे पाठ करून म्हणाली, की ती महिनाभर शिकाऊंच्या मागे नसतेच, ती माझ्या मागे असते. मला वाटायचं, ही माझी जागा बघतेय.

१४ डिसेंबर

वर्ग बंद ठेवला. सकाळी मी ठरवलं की दोष तयार सूटांचा आहे. सगळे सैल, मग ऊब राहणार कशी? मापानं शिवून घ्यायचा. आत जाऊन माऊला म्हटलं, टेप आण, माझं माप घे, आजच पाठवू. मला वाटलं ती वाद घालेल. तिनं मुकाट्यानं टेप आणला. ही पदराला हात पुसत आली आणि कागद-पेन घेऊन स्टुलावर बसली.

मी अंगातला सदरा काढला. माप घ्यायच्या आधी मीच आकडे सांगितले, छाती इतकी, कंबर इतकी, मांडी इतकी. मला पाठ आहेत, वर्षानुवर्षं तेच आहेत. माऊनं छातीभोवती टेप गुंडाळला. आकडा सांगितला नाही. सोडून पुन्हा गुंडाळला. मग कंबर. मग ती खाली बसली मांडीचं माप घ्यायला, आणि बसलेलीच राहिली. तिचे खांदे हलत होते.

मी म्हटलं, टेप जुना आहे, ताणला गेलाय. ही म्हणाली, "अहो, टेप ताणला गेला, मग चड्ड्याही ताणल्या गेल्या का? मी महिनाभर तुमच्या चड्ड्यांचं इलॅस्टिक आवळतेय. रोज थोडं थोडं. तुम्ही चिडाल म्हणून सांगितलं नाही."

समोर मोठा आरसा आहे. गिऱ्हाइकांना सूट घालून बघायला मीच लावलाय. रोज त्यात मी दुसऱ्यांना बघतो. आज त्यात एक माणूस उभा होता, उघडा, बरगड्या मोजाव्यात असा, गळ्याखाली खड्डे. तो दारातून आत आला असता तर मी नजरेनंच सांगितलं असतं, सगळ्यात लहान सूट, तोही सैल होईल, आणि बुवा, तुम्ही आधी डॉक्टरकडे जा, पाण्यात नका उतरू. शिसंही सांगितलं असतं. इतक्या काटकुळ्याला शिसं लागतंच किती. त्या पट्ट्याचं मी सगळ्यांना कौतुक सांगितलं होतं, आणि माऊ टोकाला जाऊन का बसली ते मला आज कळलं.

मला भीती वाटली. लपवून काय करू, खूप वाटली. मी खाली बसलो आणि माऊच्या डोक्यावर हात ठेवला. तिला म्हटलं, दुकानाचं जे बोललो ते विसर. ती म्हणाली, "नाही विसरणार. पण तू चल."

१८ डिसेंबर

गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, कमी बोलतात. विचारलं, वजन किती कमी झालं, कधीपासून. मला सांगता येईना, हिनं सांगितलं. मग थंडी कधीपासून वाजते, ते माऊनं सांगितलं, तारखेसकट, मी कोणत्या दिवशी कोणता सूट घातला त्यासकट. मी दोघींच्या मधे बसून होतो. माझ्या आजाराची माझ्याखेरीज सगळ्यांना खबर होती.

नळी घालून पोटात पाहिलं, रक्त नेलं.

२२ डिसेंबर

पोटात गाठ आहे. वाईट जातीची. डॉक्टरीणबाईंनी गोल गोल बोलणं टाळलं, त्याबद्दल त्यांचे उपकार. रक्त आतल्या आत झिरपत होतं, म्हणून अंगात रक्त नाही, म्हणून ऊब नाही. अन्न लागत नाही, म्हणून अंगावर मांस नाही. कोणताही सूट घातला असता तरी फरक पडला नसता. सूट ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतो. हेही मीच शिकवतो.

पोट कापून गाठ काढणार. आधी आला असतात तर जास्त बरं झालं असतं, असं त्या म्हणाल्या. किती आधी, ते मी विचारलं नाही. ही विचारायला लागली, मी तिचा हात दाबला.

पाण्यात कधी उतरू, हे मात्र विचारलं. त्या म्हणाल्या, आधी यातून उठा. पाण्याचं नंतर बघू. मग माझ्याकडे न बघता कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या.

घरी येताना वळणावर माऊनं गाडी थांबवली, खाली उतरली, झाडामागे जाऊन रडली, तोंड धुऊन परत आली आणि गाडी चालवायला लागली. आम्ही पाहिलं नाही असं तिला वाटू दिलं.

२७ डिसेंबर

आज वर्ग पुन्हा सुरू केला. ही नको म्हणत होती. मी म्हटलं, मी नुसता बोटीवर बसेन. परवा पोट फाडणार आहेत, तोवर घरात छताकडे बघत बसू का? तिनं स्वेटर दिला, त्यावर जाकीट, त्यावर चादर. कडक ऊन होतं आणि मी असा गाठोडं होऊन बसलेला. किनाऱ्यावरचे लोक वळून बघत होते.

चौघांना मीच सांगितलं. माझ्या पोटात गाठ आहे, त्या दिवशी बकल नव्हे, माझे हात खराब होते, आणि आजपासून पाण्याखाली माऊ पुढे. बँकवाल्याच्या बायकोची मी माफी मागितली. ती माझ्या पायांना वाकायला लागली, मी पाय वर घेतले. मग दोघी बहिणींनी विचारलं की मागे कोण राहणार. माऊ म्हणाली, बोटवाल्याचा भाऊ उतरतो, तो राहील. मी म्हटलं, माणूस चांगला आहे, पण फार जोरात पोहतो, त्याला सांग. ही माझी शेवटची सूचना. त्यानंतर ती पाण्यात गेली आणि एकदाही वर पाहिलं नाही, पुढच्या माणसानं पाहायचं नसतंच.

बोटीवरून पाण्याखालचं काही दिसत नाही. बुडबुडे दिसतात. सहा जणांचे सहा ठिकाणी. पुढचे माऊचे, सावकाश, एका लयीत येत होते. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. इतकी वर्षं मी खाली असायचो तेव्हा वर ही कशी बसत असेल, ते पहिल्यांदा मनात आलं. सुरुवातीच्या काळात ती बोटीवर यायची, माऊ मांडीवर असायची. मग यायची बंद झाली. मी कधी विचारलं नव्हतं.

पहिली डाइव्ह छान झाली. सगळे वर आले, दुसरीची तयारी सुरू झाली. कड्यावर आज मोठ्या माशांचा थवा आला होता, बहिणींना कधी परत खाली जाऊ असं झालेलं. वारा सुटला होता. माऊ ओल्या अंगानं माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. तोंडानं काही न बोलता तिनं दोन्ही दंड चोळून दाखवले.

माझा हात डोक्याकडे निघाला होता.

मी तो खाली घेतला आणि म्हणालो, "वाजतेय. खूप वाजतेय."

ती उठली आणि बोटवाल्याला म्हणाली, परत फिरवा. कुणी का म्हणून विचारलं नाही. बहिणींनी काढून ठेवलेले पायातले रबरी पंख पिशवीत टाकले. बँकवाल्यानं स्वतःचा कोरडा टॉवेल माझ्या पायांवर घातला आणि पलीकडे जाऊन समुद्र बघत बसला. मला वाटत होतं की हे म्हटलं की सगळं संपेल. संपलं काही नाही. बोट वळली, ऊन पाठीवर आलं, आणि माऊ मला टेकून बसली, ओल्या सूटातच.

उद्या दाखल व्हायचंय. आत ही बॅग भरतेय. दवाखान्यात गारठा असतो म्हणतात, लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड टाक, असं मी तिला आवाज देऊन सांगितलं.